मध्यस्थ गेल्यावर

(वसंत व्याख्यानमालेत, साताऱ्यात दिलेलं व्याख्यान. विषय : रोडबाइकसाठी ट्यूबलेस रिम आणि टायर कसे निवडावेत.)



कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा मला जरा धसकाच बसला. काल इथे संतवाङ्मयावर व्याख्यान झालं, उद्या अर्थकारणावर आहे, आणि मधल्या संध्याकाळी मी, सायकलच्या टायरवर. पण निमंत्रण द्यायला आलेला तरुण कार्यकर्ता स्वतः सायकलवाला. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन येतो. चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, स्कूटरला ट्यूबलेस आहे, मोटारीला आहे. मग सायकलला घ्यायचं तर एवढा विचार कशाला? दुकानात जायचं आणि टायर बदलून घ्यायचे." आजचं व्याख्यान म्हणजे त्याच्या या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. मी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवलं, तरी ही फजिती झालीच. काही वर्षांपूर्वी मी नवी चाकं घेतली. रिमवर स्वच्छ लिहिलेलं होतं, ट्यूबलेससाठी तयार. टायर मात्र माझे जुनेच, घडी होणारे, चांगल्यापैकी, पण ट्यूबचे. दुकानात सांगण्यात आलं, "साइज तोच आहे, आत सीलंट टाकू, धरेल." मलाही पैसे वाचवायचे होते, मी मान डोलावली. धरलं की! दोन दिवस धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ८० पीएसआय हवा भरली आणि सायकल गच्चीवर उभी केली. एप्रिल महिना. दुपारी दोनच्या सुमाराला सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. वर धावत गेलो. टायर रिम सोडून बाहेर लोंबत होता आणि दुधासारखं पांढरं, भोकं बुजवणारं सीलंट गच्चीभर उडालं होतं. गच्चीवर त्या दिवशी घरच्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. कुरडया पांढऱ्या, सीलंटही पांढरं. निवडून काढणार काय? सगळं वाळवण टाकून द्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी सायकल हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

चुकलं काय होतं? रिम उत्तम होती. टायरही वाईट नव्हता. जोडी चुकली होती. आणि मी नशीबवान, कारण सायकल तेव्हा उभी होती. हेच यवतेश्वरच्या उतारावर वळणावर झालं असतं, तर आज या व्यासपीठावर दुसरे कुणी वक्ते असते.

ट्यूब काय काय सांभाळून घेत होती

ट्यूब हवा धरते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती आणखी एक काम करते, ते आपल्या लक्षात येत नाही. ती टायर आणि रिम यांच्यामध्ये मध्यस्थी करते. टायरची कड थोडी सैल आहे, ती जिथे बसते ती रिमची बैठक थोडी उथळ आहे, आऱ्यांची भोकं उघडी आहेत, रिमच्या सांध्याला बारीक फट आहे. ट्यूब हे सगळं पोटात घालते. दोघांचं फारसं पटत नसलं तरी संसार चालतो.

ट्यूबलेस म्हणजे हा मध्यस्थ काढून टाकणं. आता हवेचं भांडं म्हणजे टायर आणि रिम मिळून. त्यांचा सांधा हेच त्या भांड्याचं झाकण. तिथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर बोलणी खायला मध्ये कुणी उरलेलं नाही. म्हणून ट्यूबलेसमध्ये "टायर कोणता घेऊ?" हा प्रश्नच अपुरा आहे. "या रिमवर कोणता टायर?" असं विचारलं पाहिजे.

ही सांध्याची गोष्ट फार जुनी आहे. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्ये घेतलं आणि जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. पण डनलॉपचा टायर चाकाला चिकटवून टाकलेला असे. पंक्चर झालं की सगळं सोलून काढायचं. खरी युक्ती १८९० मध्ये चार्ल्स वेल्चनं केली. टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तार घातली आणि रिमच्या मधोमध खोल पन्हळ ठेवली. एका बाजूची कड पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि कड रिमवरून चढते. हवा भरली की दोन्ही कडा पन्हळीतून उठून बैठकीवर बसतात आणि मग हलत नाहीत. आपण आज ट्यूबलेस टायर चढवताना अंगठे दुखेपर्यंत जे करतो, ते अक्षरशः हेच.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी पहिली मोठी शर्यत झाली. ती शार्ल तेरों या फ्रेंच सायकलपटूनं एकाहत्तर तासांहून थोड्या जास्त वेळात जिंकली. त्याच्या चाकांवर मिशलँ बंधूंचे नवे, काढता-घालता येणारे टायर होते. पंक्चर रस्त्यातच काढता येतं, हे त्या शर्यतीनं जगाला दाखवलं. त्याच मार्गावरच्या १२०० किलोमीटरच्या, ९० तासांच्या राइडसाठी आज दर चार वर्षांनी महाराष्ट्रातूनही सायकलवाले जातात. त्यांच्यातले बरेच जण आता ट्यूब न घालता जातात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ट्यूब सहज बाहेर काढता आली याचं कौतुक होतं. आता ती मुळात नाहीच याचं आहे.

स्कूटरला सोपं, सायकलला अवघड का?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. मोटारीच्या ट्यूबलेस टायरचं पेटंट अमेरिकेत १९५२ मध्ये मंजूर झालं. डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेसची पहिली पक्की पद्धत १९९९ मध्ये फ्रान्समधल्या कंपन्यांनी आणली. रोडबाइकला ती रुळायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. एवढा उशीर होण्याची कारणं दोन.

पहिलं कारण दाबाचं. मोटारीत किंवा स्कूटरमध्ये साधारण २५ ते ३५ पीएसआय हवा असते. रोडबाइकला तिच्या दुप्पट, आणि जुन्या अरुंद टायरांना तर १०० ते ११० पीएसआय लागायची. शिवाय स्कूटरचा टायर जाडजूड, कडेत पोलादी तारांची जुडी. सायकलचा टायर अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, शर्टासारखी घडी होणारा.

दुसरं कारण आऱ्यांचं. स्कूटरचं चाक म्हणजे सलग धातू. सायकलच्या रिमला वीस-चोवीस-बत्तीस भोकं असतात, प्रत्येक आऱ्याला एक. म्हणूनच तारेच्या आऱ्यांच्या बहुतेक मोटारसायकलींना आजही ट्यूब लागते. सायकलमध्ये ही भोकं एका पातळ टेपनं बंद करायची आणि त्या टेपवर दुप्पट दाबाची हवा थोपवायची.

कडेवर लिहिलेले आकडे

उद्या सकाळी घरी सायकलचं चाक फिरवून टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. त्यात इंचांचा एक आकडा असेल आणि मिलिमीटरचा एक. इंचांवर विश्वास ठेवू नका. आपल्या जुन्या काळ्या घरगुती सायकलचा २८ × १½ टायर आणि रोडबाइकचा ७०० सी टायर हे दोघंही नावानं अठ्ठावीस इंची. पण पहिल्याचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. मधल्या काळातल्या परदेशी सत्तावीस इंची सायकलचा ६३०. म्हणजे "सत्तावीस" हे "अठ्ठावीस"पेक्षा मोठं. इंचाचा कारभार हा असा.

मिलिमीटरचा आकडा मात्र खरं बोलतो. "२८-६२२" असं लिहिलं असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा बैठकीचा व्यास. रिमवरही असंच लिहितात, "६२२ × १९ टीसी". १९ म्हणजे रिमच्या दोन भिंतींमधली आतली रुंदी. रिमची बाहेरची रुंदी जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. आपल्याला हवी आतली. आणि शेवटची अक्षरं सगळ्यांत महत्त्वाची. "टीसी" म्हणजे ट्यूबलेस आणि भिंतीला आतल्या बाजूनं छोटा आकडा, ज्याला आपण हुक म्हणू. "टीएसएस" म्हणजे ट्यूबलेस, पण भिंत सरळ, हुक नाही. नुसतं "सी" असेल तर ती ट्यूबची हुकवाली रिम.

टायरवर "टीआर", "टीएलआर", "ट्यूबलेस रेडी" असं काहीतरी हवंच. ही अक्षरं शोभेची नाहीत. ट्यूबलेस टायरच्या कडेतला दोरा वेगळा असतो, तो ताणला जात नाही. साध्या घडीच्या टायरचा दोरा थोडा ताणला जातो. ट्यूब असेपर्यंत ते खपतं. माझ्या कुरडया याच थोड्या ताणानं गेल्या. आकडेमोड करून सांगतो. सकाळी २५ अंशांना भरलेली ८० पीएसआय हवा उन्हात तापून ६० अंशांवर गेली, की साधारण ९१ पीएसआय होते. त्या अकरा पीएसआयनं कड आणखी ताणली आणि ती भिंतीवरून सटकली.

दीडशे किलोंची ओढ

आता थोडं गणित. फळा नाही, पण फळ्याची गरजही नाही. १९ मिलिमीटर आतली रुंदी असलेल्या रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय दाब आहे. हवा टायरला रिमपासून बाहेर ढकलते आणि ही ओढ दोन्ही कडांतले दोरे पेलतात. ढोबळ हिशेब केला तर प्रत्येक कडेतल्या दोऱ्यात दीडशे किलो वजनाएवढा ताण येतो. एक मोठा माणूस आणि तांदळाचं दीड पोतं एका बोटभर जाडीच्याही नसलेल्या कडेला लटकावलंय, असं समजा.

गंमत पुढे आहे. रिमची आतली रुंदी १९ ऐवजी २५ केली आणि दाब तोच ठेवला, तर ताण दीडशेवरून दोनशे किलोंच्या जवळ जातो. कारण दाब पेलणारी जागा रुंद झाली. त्याच वेळी टायर मात्र अरुंदच, २८ चा ठेवला, तर त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या होतात. भिंती बाहेर झुकलेल्या असतील तर कड रिमच्या भिंतीवर दाबली जाते. भिंती उभ्या असतील तर कड वर खेचली जाते. आणि वरच तर सटकायची वाट आहे.

म्हणून नियम : रुंद रिमला रुंद टायर आणि कमी दाब. अंदाजासाठी असं धरा. आतली रुंदी १७ असेल तर २५ ते २८ चा टायर. १९ ते २१ असेल तर २८ ते ३२. २३ असेल तर ३० च्या आसपास किंवा पुढे. २५ असेल तर किमान ३०, शक्यतो ३२. शेवटचा शब्द रिम आणि टायर या दोन्ही कंपन्यांच्या तक्त्यांचा. दोन तक्ते जुळले नाहीत, तर जो जास्त कडक आहे तो पाळायचा.

हुकचा वाद

हुक नसलेल्या रिमा गेल्या काही वर्षांत खूप आल्या. कंपन्यांच्या दृष्टीनं त्याला कारण आहे. कार्बनच्या रिमला आतून हुक काढणं साच्यात कठीण. सरळ भिंत सोपी, मजबूत, धक्का लागून लवकर न तडकणारी. मोटारीच्या रिमलाही हुक नसतो, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे, पण मोटारीचा दाब ३५ असतो हे त्यात सांगितलं जात नाही.

यासाठी नियम आहेत. युरोपातल्या टायर आणि रिम संघटनेच्या नियमानुसार हुक नसलेल्या रोडबाइकच्या रिमवर दाब ५ बारच्या वर न्यायचा नाही. टायर कितीही महाग असो, टायरवर कितीही मोठा आकडा छापलेला असो. आणि टायर हुक नसलेल्या रिमवर चालतो असं टायरवाल्यानं स्वतः लिहून दिलेलं असलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमिरातीतल्या शर्यतीत बेल्जियमचा नावाजलेला सायकलपटू थॉमस दे गेंट पडला. त्याचा टायर रिमवरून निघून लोंबकळत असल्याचं दृश्य जगभर पाहिलं गेलं. रिम हुक नसलेली, आतली रुंदी २५, टायर २८ चा. तेव्हापासून व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेतही हा वाद पेटलेला आहे. कोण चुकलं यावर इथे निवाडा द्यायचा नाही. पण रुंद रिम, अरुंद टायर आणि सरळ भिंत ही तिन्ही एकत्र आली, की चुकीला जागा किती थोडी राहते, हे त्यातून शिकायला हरकत नाही.

म्हणून मी काय सांगतो? वजन ७०-७५ किलोंच्या आत असेल, ३० किंवा ३२ चा टायर वापरणार असाल, हवा मोजून भरायची सवय असेल, तर हुक नसलेली रिम चालेल. वजन ९० किलो असेल, २८ च्या टायरवरच जीव असेल, आणि पेट्रोल पंपावर "बास, कडक भर" असं सांगायची सवय असेल, तर हुकवाली रिम घ्या. पैसेही वाचतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याचशा चांगल्या रिमा हुकवाल्याच असतात.

आपले रस्ते

आपल्याकडे ट्यूबलेसची खरी गरज कुठे आहे? दोन ठिकाणी.

एक, काटे. माळावरून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला सराटे असतात. बाभळीचे काटे असतात. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकटायरमधल्या बारीक पोलादी तारा असतात, केसाएवढ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. या तिन्हींची भोकं बारीक. सीलंट अशा भोकात शिरून घट्ट होतं आणि कित्येकदा तुम्हाला कळतही नाही. घरी आल्यावर टायरवर वाळलेला पांढरा ठिपका दिसतो, तेवढाच पुरावा.

दुसरं, खड्डे. ट्यूब खड्ड्याच्या कडेवर आदळून रिममध्ये चिमटली की तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय? म्हणून ट्यूबलेसमध्ये दाब कमी ठेवता येतो. आणि खडबडीत रस्त्यावर कमी दाबाचं चाक जास्त सुखानं धावतं, कारण हाडं खिळखिळी करण्यात वाया जाणारी तुमची ताकद पुढे जायला उपयोगी पडते. ३२ च्या टायरला ६० पीएसआय म्हणजे जुन्या सायकलवाल्याला अपमान वाटतो. पण हिशेब असा आहे : टायरच्या कापडातला ताण दाब आणि रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. २८ च्या टायरात ७२ पीएसआयला जेवढा ताण, तेवढाच ३२ च्या टायरात ६३ ला. हाताला मऊ लागणं आणि रस्त्यावर मऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजन कमी होतं म्हणून ट्यूबलेस घेऊ नका. ट्यूबचे शंभरेक ग्रॅम वाचतात खरे, पण सीलंट, टेप, वॉल्व्ह आणि जाड टायर मिळून ते परत येतात.

टायर घेण्याआधी एक गोष्ट मोजायची : सायकलच्या चौकटीतली जागा. जुन्या रिमब्रेकच्या सायकलीत २५ किंवा फार तर २८ बसतो. शिवाय टायर रुंद रिमवर फुगतो. रिम दोन मिलिमीटरनं रुंद झाली, की टायर साधारण पाऊण-एक मिलिमीटरनं रुंद होतो. चाक आणि चौकट यांच्यात दोन्ही बाजूंना आणि वर चार-पाच मिलिमीटर जागा उरली पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात कासच्या वाटेवरचा लाल चिखल ती जागा भरून टाकतो आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

चढवताना

रिम स्पिरिटनं स्वच्छ पुसा. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर रुंद घ्या, म्हणजे ती दोन्ही बैठकींपर्यंत पोचते. वॉल्व्हच्या भोकापासून लांब सुरुवात करा, ताणून लावा, शेवटी चार बोटं एकमेकांवर घ्या. वॉल्व्हचं भोक टोकदार सळई तापवून पाडा, फाडू नका. टायरची कड सगळीकडे मधल्या पन्हळीत राहील याकडे लक्ष द्या, मग बहुधा पान्याची गरज लागत नाही. कडेला साबणाचं पाणी लावा, वॉल्व्हची आतली सुई काढा आणि एका दमात भरपूर हवा जाऊ द्या. कडा बैठकीवर बसताना "टक, टक" असे दोन आवाज येतात. मग टायरच्या कडेवरची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते चाक फिरवून बघा. एका ठिकाणी ती आत बुडालेली असेल तर हवा सोडा आणि पुन्हा करा. तसंच चालवत जाऊ नका.

सीलंट २८ च्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर. ते लॅटेक्सचं असतं आणि वाळतं. थंड देशांत पाच-सहा महिने टिकतं, आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत संपतं. एक साधा उपाय सांगतो : गुढीपाडव्याला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, दोन्ही वेळा सुई काढून आत काडी घालून बघा. काडी कोरडी निघाली तर सीलंट भरा.

आणि एक विसरू नका. आपल्याकडच्या पंक्चरवाल्यांचे पंप दोनच वॉल्व्हना बसतात, मोटारसायकलच्या आणि जुन्या सायकलच्या रबरी नळीवाल्या वॉल्व्हला. रोडबाइकचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह त्यांना बसत नाही. एक छोटं पितळी टोपण खिशात ठेवलं, की कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

कुणी घेऊ नये

शेवटी हे सांगितलं नाही तर मी विक्रेता ठरेन. महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्यानं ट्यूबलेस घेऊ नये. सीलंट वाळून जाईल आणि टायर गरज लागेल नेमकं तेव्हाच फसवेल. हवा मोजायचा कंटाळा असेल त्यानं घेऊ नये. जुन्या रिमवर टेप चिकटवून प्रयोग करायची हौस असेल त्यानं तर अजिबात घेऊ नये. ट्यूबवर जग शंभराहून जास्त वर्षं चाललंय. तिच्यात कमीपणा काही नाही.

पण नियमानं फिरणार असाल, घाट उतरणार असाल, रात्री-बेरात्री लांब पल्ल्याच्या राइडला जाणार असाल, तर मध्यस्थ काढा. फक्त काढण्याआधी दोघांची ओळख नीट करून घ्या. रिमवरचे आकडे आणि टायरवरचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. दुकानात तो कागद दाखवा, आणि "साइज तोच आहे" हे उत्तर मिळालं तर नमस्कार करून बाहेर या.

 

श्रोत्यांचे प्रश्न

*ट्यूबलेसला पंक्चर होतच नाही ना?*

होतं. बारीक भोक सीलंट बुजवतं. काचेनं मोठा काप गेला तर बुजत नाही. त्यासाठी स्कूटरवाले वापरतात तशीच, पण बारीक, चिकट दोरी सुईनं भोकात खुपसायची. तेही जमलं नाही तर वॉल्व्ह काढून आत साधी ट्यूब घालायची. म्हणून ट्यूबलेसवाल्यानंही एक ट्यूब जवळ ठेवावी. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, अडकलेले सगळे सराटे काढा. सीलंटनं बुजवलेले काटे तिथेच वाट बघत बसलेले असतात.

*माझ्या सायकलच्या रिमवर काहीच लिहिलेलं नाही. कसं ओळखू?*

कंपनीच्या माहितीत पाहा. तिथेही सापडलं नाही तर ती ट्यूबची रिम समजा आणि तशीच वापरा. शंका असेल तिथे ट्यूब घालायची, हा यातला सगळ्यांत स्वस्त नियम.

*माझी मुलगी रोज आठ किलोमीटर कॉलेजला सायकलनं जाते. तिला घेऊ का?*

नका घेऊ. तिला एक चांगली ट्यूब, एक जाड टायर आणि एक छोटा पंप घेऊन द्या. आणि एका रविवारी तिच्याबरोबर बसून पंक्चर काढायला शिकवा. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवली, की हवा कुठून सुटतेय ते बुडबुडे दाखवतात. तेवढं आलं की पुढे ट्यूबलेस घ्यायचं की नाही, ते ती स्वतःच ठरवेल. कदाचित मला शिकवायलाही येईल. फक्त गच्चीवर कुरडया नाहीत, हे पाहून यावं.